शेजारी कोण? हार्लेमचं एक घर आणि कोरी टेन बूम



आजचं वाचन : लूक १०:२५-३७

आधी शास्त्रभाग सावकाश वाचून घ्या, मग पुढे या.

चांगल्या शोमरोन्याचा दाखला आपल्याला संडे स्कूलपासून पाठ आहे. पण त्यातली एक गोष्ट पटकन लक्षात येत नाही. याजकानं आणि लेव्यानं त्या जखमी माणसाला मारलं नव्हतं, लुटलं नव्हतं. त्यांनी फक्त आपली वाट धरली. आणि शास्त्र्याचा प्रश्नही पाहा. माझा शेजारी कोण, हे त्याला ठरवून हवं होतं. म्हणजे यादी करता येते: ह्यांच्यावर प्रीती करायची, बाकीच्यांना सोडलं तरी चालेल. येशूनं यादी दिलीच नाही. त्यानं प्रश्नच उलटा केला आणि विचारलं, की रस्त्यात पडलेल्या त्या माणसाचा शेजारी कोण झाला.

आज ह्या वचनाच्या उजेडात एका बाईचं आयुष्य पाहूया. तिचं नाव कोरी टेन बूम. तिच्या गोष्टी आपण उपदेशांत ऐकतो, पिसवांची गोष्ट, क्षमेची गोष्ट. पण आज तिच्याबरोबर तिच्या शेजाऱ्यांचीही आठवण करायची आहे, जे गेले आणि परत आलेच नाहीत.

शंभर वर्षांची प्रार्थना

हार्लेम हे नेदरलँड्समधलं जुनं शहर, ॲमस्टरडॅमच्या पश्चिमेला साधारण वीस किलोमीटरवर. तिथल्या बार्टेलयोरिस रस्त्यावर कोरीचे आजोबा विलेम टेन बूम यांनी १८३७ साली घड्याळांचं दुकान काढलं. खाली दुकान, वर राहतं घर. १८४४ साली आजोबांनी त्या घरात दर आठवड्याला यहूदी लोकांसाठी आणि यरुशलेमेच्या शांतीसाठी प्रार्थना करायला सुरुवात केली. युरोपातल्या कितीतरी मंडळ्यांत त्या काळी यहूद्यांबद्दल तिरस्कारच कानावर पडायचा. अशा वेळी एक घड्याळजी चार माणसं जमवून त्यांच्या भल्यासाठी प्रार्थना करत होता.

आजोबांनंतर दुकान कॅस्परकडे आलं. कॅस्पर म्हणजे कोरीचे वडील, जन्म १८५९ चा. त्यांना चार मुलं: बेट्सी, विलेम, नॉली आणि सगळ्यांत धाकटी कोरी. कोरीचा जन्म १५ एप्रिल १८९२ चा. घर अरुंद, जिने वळणावळणाचे, आणि माणसं भरपूर. आई-वडील, चार मुलं, शिवाय मावश्याही तिथंच राहायच्या. पुढे आई आणि मावश्या गेल्या, मुलं मोठी झाली, तर ह्या कुटुंबानं परदेशात सेवा करणाऱ्या मिशनरींची मुलं आणून वाढवली. रिकामी खोली म्हणजे कोणाची तरी जागा, असा त्या घराचा हिशेब होता.

कॅस्पर रोज पवित्र शास्त्र वाचायचे, तेही घरच्यांबरोबर आणि दुकानातल्या कामगारांबरोबर. ॲमस्टरडॅमच्या घाऊक व्यापाऱ्यांकडे ते जायचे. त्यांतले बरेच यहूदी होते. घड्याळांचा व्यवहार उरकला की हे आणि ते जुना करार उघडून बसत, वाद घालत, हसत. कॅस्परसाठी यहूदी ही प्रार्थनेच्या वहीतली एक ओळ नव्हती. ती त्यांची ओळखीची माणसं होती, ज्यांच्याकडे जाऊन चहा-कॉफी घ्यायची.

कोरी आधी घर सांभाळायची आणि बेट्सी दुकानाचा हिशेब. एकदा बेट्सी आजारी पडली म्हणून कोरी दुकानात बसली आणि दोघींना उमगलं की आपापली कामं उलटीच वाट्याला आली होती. बेट्सी स्वयंपाकघरात रमली, कोरी वडिलांच्या हाताखाली घड्याळदुरुस्ती शिकली. १९२२ साली नेदरलँड्समध्ये घड्याळजी म्हणून परवाना मिळवणारी ती पहिली स्त्री ठरली. दुकानाबरोबर तिनं मुलींसाठी क्लब चालवले, आणि ज्यांची बुद्धी वयाप्रमाणे वाढत नाही अशांसाठी ती उपासना घ्यायची. त्या लोकांना तेव्हा कोणी हिशेबातही धरत नसे.

भाऊ विलेम पाळक झाला. १९२० च्या दशकात तो जर्मनीत लाइपझिगला शिकायला गेला आणि वंशाच्या नावावर यहूद्यांचा द्वेष कसा वाढत गेला ह्यावर त्यानं प्रबंध लिहिला. हिटलर सत्तेवर यायच्या आधीच पुढचं संकट त्याला दिसत होतं. पुढे त्यानं हिल्व्हर्सममध्ये वृद्धांसाठी आश्रम चालवला आणि जर्मनीतून पळून आलेल्या यहूद्यांना तिथं आसरा दिला.

यादीतली नावं

१० मे १९४० ला जर्मन फौजा नेदरलँड्समध्ये घुसल्या आणि पाच दिवसांत देश पडला. तेव्हा तिथं सुमारे १,४०,००० यहूदी राहत होते. काहींचे पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी स्पेन-पोर्तुगालमधून छळाला कंटाळून आले होते, काही जर्मनी-पोलंडकडून. हिरे घासणारे कारागीर, बाजारात गाडी लावणारे, शिक्षक, डॉक्टर, घड्याळांचे व्यापारी. डच भाषा बोलणारे, त्याच रस्त्यांवर वाढलेले.

इथं मला माझ्या कामाच्या अंगानं एक गोष्ट सांगायची आहे. मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. डेटा पूर्ण असावा, नेटका असावा, एकही नोंद सुटू नये, ही आमच्या धंद्यात कौतुकाची गोष्ट. नेदरलँड्सची लोकसंख्येची नोंदणी युरोपातल्या सर्वांत नेटक्या नोंदणींपैकी होती. १९४१ च्या जानेवारीत हुकूम निघाला की सर्व यहूद्यांनी नाव नोंदवायचं. जवळजवळ सगळ्यांनी नोंदवलं, कारण सरकारी कागदावर विश्वास ठेवायची त्यांना सवय होती. कारकुनांनी कार्डं लावली, ओळखपत्रावर वेगळं अक्षर उमटलं. एकानं यादी केली, दुसऱ्यानं तपासली, तिसऱ्यानं पोलिसांना दिली, चौथ्यानं आगगाडीचं वेळापत्रक लावलं. ह्या साखळीतल्या बहुतेकांनी कोणाला हातही लावला नसेल. त्यांनी आपलं काम केलं आणि आपली वाट धरली. त्यांच्यातले कित्येक रविवारी उपासनेलाही जात असतील.

मग एकेक दार बंद होत गेलं. आधी सरकारी नोकऱ्या गेल्या. बागा, कॉफीघरं, पोहण्याचे तलाव यहूद्यांना बंद झाले. मुलांना शाळांतून काढून वेगळं बसवलं. मे १९४२ पासून कपड्यांवर पिवळा तारा सक्तीचा झाला. आणि १५ जुलै १९४२ ला वेस्टरबोर्कच्या छावणीतून पूर्वेकडे पहिली गाडी सुटली.

सगळा देश गप्प होता असं नाही. फेब्रुवारी १९४१ मध्ये यहूद्यांची धरपकड झाली तेव्हा ॲमस्टरडॅमच्या ट्राम कामगारांनी, गोदी कामगारांनी, नगरपालिकेच्या लोकांनी संप केला. दोन दिवस शहर थांबलं. जर्मनांनी बंदुकीनं तो संप मोडला.

हार्लेमच्या यहूदी समाजाचं पुढारपण प्रमुख रब्बी फिलिप फ्रँक यांच्याकडे होतं. जानेवारी १९४३ च्या अखेरीस गावात एका जर्मन सैनिकाला कोणीतरी गोळी घातली. त्याचा सूड म्हणून २ फेब्रुवारीला दहा लोकांना उभं करून मारलं. त्यात रब्बी फ्रँक होते. मेंढपाळ आधी गेला, मग कळप नेला गेला. दुकानांना कुलपं लागली, घरं रिकामी झाली, सभास्थान ओस पडलं.

युद्ध संपेपर्यंत नेदरलँड्समधून सुमारे १,०७,००० यहूद्यांना नेण्यात आलं. परत आले साधारण पाच हजार. एकट्या सोबिबोरला ३४,३१३ माणसं गेली, त्यांतली १८ वाचली. चारांपैकी तीन शेजारी कायमचे गेले. पश्चिम युरोपातल्या कोणत्याही देशापेक्षा हे प्रमाण जास्त होतं. हे आकडे वाचून पुढे जाऊ नका. थोडं थांबा. प्रत्येक आकड्यामागे एक नाव आहे, एक जेवणाचं टेबल आहे.

अडीच फुटांची खोली

मे १९४२ मध्ये एका संध्याकाळी बार्टेलयोरिस रस्त्यावरच्या त्या दारावर टकटक झाली. एक यहूदी बाई हातात बॅग घेऊन उभी होती. नवरा अटकेत, मुलगा लपलेला, स्वतःच्या घरी परतायची भीती. तिनं ऐकलं होतं की हे लोक यहूद्यांना मदत करतात. कॅस्पर तेव्हा ८३ वर्षांचे होते. त्यांनी तिला आत घेतलं आणि सांगितलं की ह्या घरात देवाच्या लोकांचं कायम स्वागत आहे. पोलिसांचं मुख्य ठाणं तिथून हाकेच्या अंतरावर होतं.

कोरी तेव्हा पन्नाशीची होती. अविवाहित, शांत, घड्याळांच्या बारीक चाकांत डोळे घालून बसणारी बाई. तिला काही क्रांती करायची नव्हती. पण एकीमागून एक माणसं येत गेली आणि प्रत्येकाला जागा लागायची, अन्न लागायचं. अन्न रेशनकार्डावर मिळायचं आणि यहूद्यांना कार्ड मिळत नव्हतं. हार्लेमच्या रेशन कचेरीत एक ओळखीचा माणूस होता. त्याच्या मुलीला कोरीनं तिच्या उपासनेत शिकवलं होतं. कोरी त्याच्याकडे गेली. मनात पाच कार्डं मागायची होती, तोंडातून शंभर निघालं. आणि त्या माणसानं दिली! कचेरीत चोरी झाल्याचं सोंग उभं करावं लागलं आणि ते खरं वाटावं म्हणून त्यानं स्वतःच्या अंगावर मार घेतला.

इथं जरा विचार करा. तीच कचेरी, तेच शिक्के, तीच कार्डं. एकानं त्या कागदांनी माणसं शोधली, दुसऱ्यानं त्याच कागदांनी माणसं जगवली. याजक, लेवी आणि शोमरोनी एकाच रस्त्यानं चालले होते, नाही का?

भूमिगत चळवळीतल्या एका वास्तुविशारदानं घर पाहिलं आणि सर्वांत वरच्या मजल्यावर, कोरीच्या झोपायच्या खोलीत, विटांची खोटी भिंत उभी केली. विटा आणि सामान घड्याळांच्या पेट्यांमधून, गुंडाळलेल्या कागदांमधून थोडं थोडं आत आलं. भिंतीमागे जेमतेम अडीच फूट खोल जागा. आत शिरायला कपाटाच्या खालच्या खणात एक सरकती फळी. गुडघ्यांवर रांगतच जावं लागायचं. घरभर बटणं बसवली. धोका दिसला की कोणीही बटण दाबायचं आणि वर घंटी वाजायची. मग सराव सुरू झाला. जेवता जेवता घंटी वाजायची, सगळ्यांनी आपलं ताट-वाटी, कपडे, गादीची ऊबसुद्धा मागे न ठेवता आत जायचं. सरावानं ही वेळ ७० सेकंदांवर आली. आमच्या ऑफिसात फायर ड्रिल असली की लोक मोबाइल बघत जिना उतरतात. त्यांचा सराव तसा नव्हता. एक विसरलेला चमचा सात-आठ जिवांवर उठला असता.

घरात कायमचे सहा-सात जण असायचे, चार यहूदी आणि चळवळीतली दोन-तीन माणसं. बाकीचे एक-दोन रात्री राहून दुसऱ्या सुरक्षित घरी जायचे. ज्यांना कुठेच जागा मिळत नसे ते इथं राहायचे. ॲमस्टरडॅमच्या सभास्थानात प्रार्थना गाणारा एक माणूस त्यात होता. चेहऱ्यावरून तो लगेच यहूदी म्हणून ओळखू यायचा, त्यामुळे त्याला ठेवायला कोणी धजत नव्हतं. तो ह्या घरात राहिला. शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथाच्या मेणबत्त्या लागायच्या, हनुक्का साजरा व्हायचा. एकदा शेजारच्या घरातून निरोप आला की तुमच्याकडचं गाणं भिंतीतून ऐकू येतं, जरा हळू गा. म्हणजे शेजाऱ्यांना माहीत होतं. त्यांनी तोंड उघडलं नाही, उलट सावध केलं. वाचवणारे म्हणजे फक्त भिंत बांधणारे नव्हेत. गप्प राहिलेल्या शेजाऱ्यांमुळेही ती माणसं जगली.

पण दुसरी बाजूही कोरीनं लिहून ठेवली आहे. एक पाळक घड्याळ घेऊन दुकानात आला. कोरीनं विचारलं, एका यहूदी आईला आणि तिच्या तान्ह्या बाळाला तुम्ही ठेवून घ्याल का? त्यानं बाळाकडे पाहिलं, क्षणभर विरघळला, आणि मग नाही म्हणाला. जीव जाईल, अशी त्याची अडचण. कॅस्पर पुढे झाले, त्यांनी बाळ हातात घेतलं आणि सांगितलं की ह्या लेकरासाठी जीव गेला तर तो आमच्या घराचा सन्मान असेल.

त्या पाळकाला नावं ठेवायची मला घाई नाही. भीती खरी होती. पण दाखल्यातल्या याजकाकडेही पुढे जायला काहीतरी कारण असेलच.

तुरुंग आणि छावणी

२८ फेब्रुवारी १९४४. कोरी तापानं फणफणली होती. एक अनोळखी डच माणूस आला. बायकोला अटक झाली आहे, तिला सोडवायला ६०० गिल्डर हवेत, म्हणाला. कोरीनं पैशांची सोय केली. तो खबऱ्या होता. त्याच दिवशी गेस्टापोनं धाड घातली. घंटी वाजली, सहा जण भिंतीमागे गेले. पोलिसांनी भिंती ठोकून पाहिल्या, कोरी आणि बेट्सी यांना मारलं, पण त्यांना खोली सापडली नाही. दिवसभर जे जे दारात आले त्यांना धरलं. संध्याकाळपर्यंत तीसेक माणसं अटकेत होती. १८४४ साली ज्या घरात प्रार्थना सुरू झाली, ते घर बरोबर शंभर वर्षांनी, ह्याच लोकांपायी रिकामं झालं.

अधिकाऱ्यानं म्हाताऱ्या कॅस्परना घरी सोडायची तयारी दाखवली, फक्त पुन्हा असं करायचं नाही. कॅस्परनी स्पष्ट सांगितलं की उद्या घरी गेलो तर जो कोणी गरजवंत दार वाजवेल त्याला मी उघडणारच. दहा दिवसांनी, ९ मार्चला, ते कैदेतच वारले. वय ८४.

भिंतीमागचे सहा जण पाण्याशिवाय, हालचालीशिवाय ४७ तास उभे-बसले. बाहेर पहारा होता. शेवटी चळवळीच्या लोकांनी त्यांना काढलं. कोरी तेव्हा स्खेव्हेनिंगनच्या तुरुंगात एकांत कोठडीत होती. तिला काही कळायला मार्ग नव्हता. पुढे नॉलीचं पत्र आलं. त्यात वडील गेल्याची बातमी होती. पण पाकिटावरचं अक्षर तिकिटाकडे तिरपं गेलेलं दिसलं. तिनं तिकीट भिजवून काढलं, तर खाली बारीक अक्षरांत निरोप होता: कपाटातली घड्याळं सगळी सुखरूप आहेत. त्या चार यहूद्यांपैकी तिघं युद्धातून वाचले. चौथ्याचं नाव त्या लांबलचक यादीत गेलं.

कोरी आणि बेट्सी यांना फुख्तच्या छावणीत, आणि सप्टेंबर १९४४ मध्ये जर्मनीत रावेन्सब्रुकला नेलं. बायकांची ती छावणी. बेट्सी ५९ वर्षांची, आजारी. लपवून नेलेलं एक छोटं पवित्र शास्त्र त्यांच्याकडे होतं. खच्चून भरलेल्या बराकीत त्या वाचायच्या, वेगवेगळ्या देशांच्या बायका आपापल्या भाषेत पुढे सांगायच्या. बेट्सी पिसवांसाठीसुद्धा देवाचे आभार मानायची. कोरीला ते अति वाटायचं. नंतर कळलं की पिसवांच्या भीतीनंच पहारेकरी आत येत नव्हते आणि म्हणूनच वाचन चालू राहिलं. ज्यानं त्यांना पकडून दिलं त्या खबऱ्यासाठी बेट्सी प्रार्थना करायची. कोरी मात्र रागानं जळत होती, आणि तिनं ते कधी लपवलं नाही.

१६ डिसेंबर १९४४ ला बेट्सी गेली. बारा दिवसांनी कोरीला अचानक सोडलं. पुढे तिला कळलं की ती कारकुनी चूक होती, आणि तिच्या वयाच्या बायकांना आठवडाभरात मारण्यात आलं. नेटक्या याद्यांनी लाखो माणसं नेली आणि एका गचाळ नोंदीनं ही बाई परत आली. मी ह्यातून काही सूत्र काढणार नाही. कोरी जगली म्हणून देव तिच्यावर प्रसन्न आणि बेट्सी मेली म्हणून नाही, असं कोणी म्हणू नये. सोबिबोरच्या गाडीतही लोक प्रार्थना करत होतेच.

विलेमला कैदेत जडलेल्या क्षयानं १९४६ मध्ये मरण आलं. त्याचा तरुण मुलगा क्रिस्तियान बर्गन-बेल्सनहून परत आलाच नाही. एका घरातली चार माणसं शेजारधर्मापायी गेली.

क्षमा आणि तिची हद्द

युद्धानंतर कोरीनं हार्लेमजवळ ब्लूमेंडालला छावणीतून आलेल्यांसाठी घर उघडलं. आपल्या जुन्या घरात तिनं जर्मनांना साथ दिलेल्या डच लोकांनाही आसरा दिला, कारण त्यांना आता कोणी दारात उभं करत नव्हतं. पकडून देणाऱ्या माणसाला तिनं क्षमेचं पत्र लिहिलं. १९४७ मध्ये म्युनिकच्या एका सभेनंतर रावेन्सब्रुकचा एक जुना पहारेकरी हात पुढे करून तिच्यासमोर उभा राहिला. तिचा हात उठेना. मनातल्या मनात तिनं मदत मागितली, मगच हात पुढे गेला. ही गोष्ट आपण सर्वांनी ऐकलेली आहे.

पण नीट पाहा, कोरीनं काय क्षमा केलं? स्वतःचा मार, स्वतःचा अपमान, आपल्या बहिणीचं आणि वडिलांचं मरण. तिच्या वाट्याला आलेली जखम. जे यहूदी शेजारी मारले गेले त्यांच्या वतीनं क्षमा करायचा हक्क तिचा नव्हता, आणि आपलाही नाही. आपल्याकडे ही कथा सांगताना कधीकधी ख्रिस्ती माणसांच्या विश्वासाची कथा उरते आणि यहूदी फक्त भिंतीमागचे चार जण होऊन जातात. मग हाही एक प्रकारे पलीकडून निघून जाणंच झालं. नेदरलँड्स तर ख्रिस्ती मंडळ्यांनी भरलेला देश होता, तरी चारातले तीन गेले.

कोरी पुढची तीसेक वर्षं साठांहून अधिक देशांत फिरली. १९६७ साली इस्राएलच्या याद वाशेम ह्या स्मारक संस्थेनं तिला यहूद्यांना वाचवणाऱ्या परराष्ट्रीय नीतिमानांमध्ये गणलं. १९७१ मध्ये तिच्या आठवणींचं पुस्तक निघालं, १९७५ मध्ये त्यावर चित्रपट आला. १९७८ मध्ये अर्धांगाच्या झटक्यानं तिची वाचा गेली आणि बोलणारी कोरी पाच वर्षं मुकी राहिली. १५ एप्रिल १९८३ ला, आपल्या ९१ व्या वाढदिवशी, ती प्रभूकडे गेली. हार्लेमचं ते घर आज संग्रहालय आहे आणि ती विटांची भिंत पाहता येते.

आणि ॲमस्टरडॅममध्ये आणखी एक विटांची भिंत आहे. २०२१ मध्ये तिथं नावांचं राष्ट्रीय स्मारक उघडलं. एका विटेवर एक नाव, जन्मतारीख आणि वय. १,०२,००० हून अधिक विटा. एका भिंतीनं सहा जणांना झाकलं. दुसरी भिंत, ज्यांना कोणी झाकलं नाही त्यांची नावं सांगत उभी आहे. कोरीची आठवण करायची तर दोन्ही भिंतींसमोर उभं राहावं लागतं.

आज आपल्यासाठी

पहिली गोष्ट. १९४२ ची ती टकटक ऐकून दार उघडलं, कारण ते १८४४ पासून उघडं होतं. संकटाच्या रात्री नवीन स्वभाव तयार होत नाही. ज्यांच्यासाठी आपण प्रार्थना करतो त्यांच्या घरी आपण कधी गेलो आहोत का? त्यांची नावं आपल्याला माहीत आहेत का?

दुसरी गोष्ट. आपल्यापैकी प्रत्येकाच्या हातात कसली ना कसली यादी असते. सोसायटीत घर भाड्यानं देताना आडनाव विचारलं जातं. नोकरीच्या अर्जांतून काही अर्ज आपोआप बाजूला पडतात. शाळेत, कचेरीत, मंडळीच्या कमिटीतही. कोणाला मारायचा प्रश्नच नसतो, फक्त एक नाव खोडायचं आणि पुढे जायचं असतं. अशा वेळी रेशन कचेरीतल्या त्या माणसाची आठवण ठेवा. त्याच्याकडे तलवार नव्हती, कार्डं होती.

तिसरी गोष्ट. ह्या आठवड्यात आपल्या गल्लीत, इमारतीत, मंडळीत आधी असलेलं पण आता दिसत नाही असं एक माणूस आठवा. ते का गेलं, कोणी विचारलं होतं का? आज फोन करा. आजच.

प्रार्थना

हे प्रभू, तू आम्हाला यादी दिली नाहीस, रस्ता दाखवलास. त्या रस्त्यावर थांबायचं बळ दे. हार्लेमच्या त्या घरासाठी, आणि गप्प राहून जीव राखणाऱ्या शेजाऱ्यांसाठी तुझे आभार. जे नेले गेले आणि परत आले नाहीत त्यांची नावं तुझ्यापाशी आहेत. ती आम्हाला विसरू देऊ नकोस. आणि आमच्या दारावर टकटक होईल तेव्हा आमचा हात कडीकडे जाऊ दे. येशूच्या नावानं मागतो. आमेन.